ध्यानाचे फायदे छापता, अडचणीही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०२४ मध्ये ठराव करून २१ डिसेंबर हा जागतिक ध्यान दिन म्हणून जाहीर केला. २१ जूनचा योग दिन आधीपासून आहेच. या दोन्ही दिवसांच्या आसपास वर्तमानपत्रांत ध्यानावर भरभरून लिहिले जाते आणि ते वाचून अनेक जण हुरूपाने बसायला लागतात. त्यातले बरेच जण थोड्याच दिवसांत बसणे सोडतात आणि सोडताना त्यांची खात्री झालेली असते की हे आपले काम नाही. ध्यानवर्ग घेणाऱ्या आमच्यासारख्यांकडे ही माणसे पुढे कधीतरी येतात, तेव्हा त्यांच्या तक्रारी बहुतेक सारख्याच असतात. मन थांबतच नाही, श्वास कोंडल्यासारखा होतो, पायांना मुंग्या येतात, पेंग येते, बसल्यावर उलट घालमेल वाढते. या अडचणी नव्या नाहीत. त्या का येतात हे बऱ्यापैकी माहीत आहे आणि बहुतेकींवर साधे उपाय आहेत. ते लेखांत येत नाहीत, म्हणून हे पत्र.

लेखांतली सूचना बहुधा एका ओळीत उरकलेली असते: ताठ बसा, डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या आणि मन विचारशून्य करा. यातल्या पहिल्या तीन गोष्टी माणूस करू शकतो. चौथी करू शकत नाही, कारण विचार कधी यावा हे त्याच्या हातात नसते. मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट या हार्वर्डच्या संशोधकांनी २,२५० प्रौढांना दिवसात अधूनमधून फोनवरून विचारले होते, की आत्ता तुमचे लक्ष हातातल्या कामात आहे की आणखी कुठे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार जवळपास ४७ टक्के वेळा लक्ष आणखी कुठे तरी होते. डोळे उघडे आणि हातात काम असताना ही स्थिती, तर शांत खोलीत डोळे मिटून बसल्यावर मनाने गप्प राहावे अशी अपेक्षा कुठल्या आधारावर करायची?

विचार जोर लावून अडवायला जावे, तर तो जास्तच येतो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेगनर यांचा १९८७ मधला प्रयोग यासाठी प्रसिद्ध आहे. पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही आणि तरीही आला तर घंटी वाजवायची, असे सहभागी लोकांना सांगितले होते. घंटी मिनिटाला सरासरी एकदाहून जास्त वाजली. नको असलेला विचार आला नाही ना, हे तपासत राहण्यासाठी मनाला तोच विचार हाताशी ठेवावा लागतो, असे वेगनर यांनी त्याचे स्पष्टीकरण दिले. ‘मन विचारशून्य करा’ ही सूचना नवशिक्याला नेमके याच कोंडीत अडकवते.

प्रत्यक्षात बसल्यावर काय होते ते पाहू. पहिला श्वास, दुसरा श्वास नीट कळतो. तिसऱ्याला बाहेर दाराचा आवाज होतो. कोण आले असेल, हा विचार येतो. त्यावरून काल कोणी तरी न आल्याचे आठवते, त्यावरून त्याला करायचा राहिलेला फोन, त्या फोनवर काय बोलायचे त्याची दोन-चार वाक्ये मनातल्या मनात तयारही होतात. दीड-दोन मिनिटांनी एकदम लक्षात येते, ‘अरे, आपण श्वास बघत होतो!’ बहुतेकांना वाटते की ध्यान मोडले ते इथे. आमचे सांगणे याच्या उलट आहे. लक्ष कधी सुटले हे माणसाला कळत नसते, ते सुटल्याचे ज्या क्षणी कळते तो क्षण या सगळ्या सरावातला सर्वांत कामाचा आहे. तिथे जागेपण परत आलेले असते. त्यानंतर करायचे एवढेच, की मनात एकदा ‘विचार’ म्हणायचे आणि पुढच्या उच्छ्वासावर यायचे. आपण इथपर्यंत कसे भरकटलो याचा माग काढत मागे जायचे नाही, कारण तो माग काढणे हाही विचारच. स्वतःवर चिडायचे नाही, कारण चिडण्याचा विचार आधीच्यापेक्षा जास्त वेळ रेंगाळतो. दहा मिनिटांत तीस वेळा लक्ष सुटले आणि तीस वेळा परत आणले, तर ती दहा मिनिटे पुरेपूर सत्कारणी लागली.

मोजणीचा आधार घेतल्यास हे सोपे जाते. श्वास बाहेर सोडताना एक, पुढचा सोडताना दोन, असे दहापर्यंत जायचे आणि पुन्हा एकपासून सुरू करायचे. मध्ये आकडा हरवला तर एकवर यायचे. सतरा-अठरावर गेल्याचे लक्षात आले तरी एकवरच. काही दिवसांनी यात एक वेगळीच अडचण येते. आकडे आपोआप मोजले जातात आणि त्यांच्या मागे विचारांचे दळण निवांत चालू राहते. मग दहापासून एककडे उलटे मोजावे किंवा मोजणी सोडून उच्छ्वास संपतो तिथे लक्ष न्यावे. श्वास बाहेर जाऊन संपतो आणि आत यायला लागतो यांच्यामध्ये एक छोटा थांबा असतो. तो पकडायचा म्हटले की मागे काही चालू ठेवायला सवड उरत नाही.

आता श्वासाची अडचण. हिच्याबद्दल फार कमी लिहिले जाते आणि नवशिक्यांना तीच सर्वांत जास्त घाबरवते. एरवी आपला श्वास मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्रांकडून आपोआप चालवला जातो. आपण त्याच्याकडे बघायला लागलो की नकळत त्याचा ताबा घेतो. तो लांबवतो, खोल करतो, एकसारखा करायला जातो. काही मिनिटांत छातीवर दडपण येते, हवा पुरेशी मिळत नाही असे वाटते आणि वारंवार मोठा उसासा टाकावा लागतो. कोणी लागोपाठ मोठे आणि भरभर श्वास घेत राहिले तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्यामुळे बोटांच्या टोकांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, डोके हलके होते, गरगरते. काही जण याला शक्ती जागी झाल्याची खूण समजतात, काहींना हृदयविकाराची शंका येते. जास्त श्वासामुळे हे झाले असेल तर श्वास नेहमीसारखा होऊ दिला की काही मिनिटांत ते जाते. छातीत दुखत असेल किंवा आराम पडत नसेल तर मात्र ध्यानाचा विषय तिथेच संपवून वैद्यकीय मदत घ्यावी.

श्वासावरचा हा ताबा सोडायचा कसा? ‘सोडा’ म्हणून तो सुटत नाही. त्यापेक्षा लक्ष ठेवण्याची जागा बदलावी. तळहात बेंबीच्या खाली ठेवावा आणि फक्त हाताला जाणवणारी हालचाल बघावी. श्वास सोडून झाल्यावर पुढचा आपण घ्यायचा नाही, तो येईपर्यंत थांबायचे. तो येतोच. एवढ्यानेही छाती आवळत असेल तर श्वासाचा नाद सोडून द्यावा आणि जमिनीला किंवा खुर्चीला टेकलेले शरीर, तळपायांचा स्पर्श, नाही तर आजूबाजूचे आवाज यांवर लक्ष ठेवावे. यात काहीही कमी दर्जाचे नाही. दमा असणाऱ्या किंवा आधीच घाबरेपणाचा त्रास असलेल्या माणसाला तर आम्ही सुरुवातीलाच श्वासाऐवजी स्पर्श किंवा आवाज सुचवतो. भस्त्रिका, कपालभाती यांसारख्या जलद श्वासाच्या क्रिया म्हणजे ध्यान नव्हे. त्या वेगळ्या शिकाव्या लागतात आणि उच्च रक्तदाब, फिट्स किंवा गर्भारपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. एकाच परिच्छेदात दोन्ही कोंबणाऱ्या लेखांनी बराच गोंधळ केला आहे.

बसण्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण इथल्या चुका दिसायला लहान आणि त्रासाला मोठ्या असतात. लेखांबरोबर छापली जाणारी छायाचित्रे पाहा: पद्मासन, ताणलेले हात, गुडघ्यांवर मुद्रा, किंचित वर केलेली हनुवटी. ज्याला रोज जमिनीवर बसायची सवय नाही त्याने हे करू नये. पद्मासनात मांडी खुब्यातून बाहेर वळावी लागते. खुबा तेवढा वळत नसेल तर उरलेला पीळ गुडघ्यावर येतो आणि गुडघा त्यासाठी बनलेला नाही. गुडघ्याच्या आतल्या बाजूला टोचल्यासारखे, तीक्ष्ण दुखले तर ‘सहन करा’ हा सल्ला कोणाचाही ऐकू नये. लगेच पाय मोकळे करावेत.

साधी मांडी घालून बसायचे असेल तर एक गोष्ट तपासावी. गुडघे कमरेपेक्षा वर आहेत का? असतील तर कंबर मागे ढळते, पाठीला पोक येते, आणि ताठ राहण्यासाठी पाठीचे स्नायू सतत ओढून धरावे लागतात. दहा मिनिटांत पाठ भरून येते ती यामुळे. बैठकीखाली घट्ट घडी केलेली चादर किंवा कडक उशी घेऊन चार ते सहा इंच उंची द्यावी आणि तिच्या पुढच्या कडेवर बसावे, म्हणजे ओटीपोट किंचित पुढे झुकते आणि कणा फारसा जोर न लावता उभा राहतो. गुडघे तरीही अधांतरी राहत असतील तर त्यांच्या खाली टॉवेलच्या गुंडाळ्या द्याव्यात. मऊ, दबणारी उशी उपयोगाची नाही. पाच मिनिटांत ती बसते आणि पाठ पुन्हा गोल होते.

हात कुठे ठेवता यावर खांदे अवलंबून असतात. हात लांब करून गुडघ्यांवर ठेवले तर त्यांचे वजन खांद्यांना पुढे ओढते आणि मानेच्या खाली, पाठीच्या वरच्या भागात रग लागते. कोपरे खांद्यांच्या बरोबर खाली येतील इतपत हात मागे, मांड्यांवर घ्यावेत. हनुवटी किंचित आत घ्यावी. दात दातांवर घट्ट नसावेत. मिटलेल्या डोळ्यांनी भुवयांच्या मध्ये टक लावून बघायची काहींना सवय लागते आणि मग कपाळ दुखते. डोळे मिटल्यावर नजर आपसूक खाली सोडावी. तोंडात लाळ जमली तर सरळ गिळावी. या एवढ्याशा गोष्टीने हैराण झालेली माणसे आम्ही पाहतो, कारण हलायचे नाही म्हणजे गिळायचेही नाही असा त्यांचा समज असतो.

पायाला मुंग्या येतात त्या रक्त अडल्याने, असे सर्रास सांगितले जाते. मुख्यतः तिथे नसेवर दाब आलेला असतो. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, थोडी खाली, एक नस हाडावरून अगदी कातडीजवळून जाते आणि मांडी घातल्यावर ती दाबली जाऊ शकते. मांडीच्या मागच्या बाजूला उशीची कड रुतली तरी असेच होते. कधीमधी मुंग्या आल्या आणि पाय हलवल्यावर मिनिटभरात गेल्या तर काळजी नको. रोज एकाच पायाला येत असतील तर उंची वाढवावी, कोणता पाय पुढे ते आलटून पालटून बदलावे. बधिर पायावर एकदम उभे मात्र राहू नये. पाऊल नीट उचलले जात नाही, घोटा मुरगळतो आणि माणूस पडतो. पाय लांब करून, बोटे हलवून, संवेदना पूर्ण परत आल्यावरच उठावे. बधिरपणा तासभर टिकला किंवा पाऊल वर उचलता येईना, तर डॉक्टरांकडे जावे.

खाज सुटणे, कुठे तरी ठणकणे, चुळबुळ करावीशी वाटणे या गोष्टी वेगळ्या. यात इजा नसते, फक्त हलण्याची घाई असते. लगेच हलू नये. पाच-सहा श्वास तिकडेच लक्ष द्यावे, बहुतेक वेळा खाज तेवढ्यात ओसरते. नाहीच ओसरली तर ‘आता हात हलवतो’ असे ठरवून, सावकाश हलवावा. नकळत हलणे आणि ठरवून हलणे यांत सरावाच्या दृष्टीने मोठा फरक आहे.

आणि खुर्ची. खुर्चीवर बसून केलेले ध्यान तितकेच खरे असते. तळपाय पूर्ण जमिनीला टेकलेले, गुडघे कमरेच्या पातळीवर किंवा जरा खाली, पाठ टेकत असेल तर कमरेच्या खळगीत छोटी उशी. पाय पोचत नसतील तर खाली पाट किंवा जाडजूड पुस्तके ठेवावीत. संपादक महोदय, पुढच्या वेळी ध्यानावरच्या लेखाला चित्र निवडताना असे खुर्चीवर बसलेले साधे माणूस निवडा. गुडघेदुखीमुळे ध्यान आपल्यासाठी नाहीच असे मानून बसलेल्या कित्येकांना त्या एका चित्राने उत्तर मिळेल.

झोपेच्या तक्रारीवर आमचा पहिला प्रश्न असतो: रात्री किती तास झोपता? प्रौढ माणसाला किमान सात तास लागतात. त्यापेक्षा कमी झोपणारा डोळे मिटून शांत बसला की पेंगणारच, त्यात आळसाचा काही संबंध नाही. अशा वेळी पहाटेचा गजर आणखी अलीकडे लावून ध्यान करणे हा उलटा उपाय झाला. झोप पुरी होऊनही डुलकी येत असेल तर जेवणानंतर दीड-दोन तास बसू नये, झोपून ध्यान करू नये, डोळे अर्धवट उघडे ठेवून नजर तीन-चार फुटांवर जमिनीकडे सोडावी. तरीही मान गळायला लागली तर उभे राहावे, किंवा दहा-पंधरा पावलांच्या अंतरात सावकाश चालावे आणि टाच टेकणे, पाऊल टेकणे, उचलणे यांवर लक्ष ठेवावे. झोपेच्या उंबरठ्यावर रंग, चेहरे, तुटक आवाज जाणवतात, शरीराला एकदम झटका बसतो. जागेपणातून झोपेकडे जाताना हे कोणालाही होते. त्याचा अर्थ लावत बसू नये आणि ते पुन्हा दिसावे म्हणून वाटही बघू नये.

पतंजलींच्या योगसूत्रांत चित्त विचलित करणारे नऊ अंतराय मोजले आहेत. त्यात आजारपण आहे, मनाचा जडपणा आहे, शंका आहे, आळस आहे, भलतेच काही दिसणे आहे, आणि मिळवलेली स्थिती न टिकणे हेही आहे. बौद्ध परंपरेतल्या पाच नीवरणांत, म्हणजे ध्यानाच्या आड येणाऱ्या गोष्टींत, सुस्ती आणि अस्वस्थता या दोन्हींचा समावेश आहे. नवशिक्याला ज्याची लाज वाटते ते सगळे या मार्गावरच्या जुन्या लोकांनी नोंदवून ठेवले आहे, हे त्याला कोणीतरी सांगायला हवे.

वेळेबाबत आमचे मत ठाम आहे. पहिल्या दिवशी अर्धा तास बसू नये. पाच मिनिटे, रोज, एकाच वेळी, आणि आधीपासून रोज होणाऱ्या एखाद्या गोष्टीला जोडून, म्हणजे दात घासल्यावर किंवा आंघोळीनंतर. आठवड्याने दोन-तीन मिनिटे वाढवावीत. टायमर हळू आवाजाचा लावावा आणि फोन हात पोचणार नाही इतका लांब, सूचना बंद करून, पालथा ठेवावा. किती वेळ झाला हे बघावेसे वाटणे ही घालमेलीची नेहमीची खूण आहे. आजची मिनिटे टायमर पुरी करणार आहे एवढे मनाशी पक्के केले की तो प्रश्न पुष्कळसा मिटतो. एकवीस दिवसांत सवय लागते हे वाक्य मात्र लेखांतून काढून टाकावे. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला मध्यक काढला तर ६६ दिवस लागल्याचे दिसले आणि अंदाज १८ पासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेले होते. त्याच अभ्यासात मधला एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, असेही आढळले. बाविसाव्या दिवशी ‘मला सवय लागली नाही’ म्हणून सोडणाऱ्याला ही माहिती वेळेवर मिळाली असती तर तो टिकला असता.

धरसोडीचे तसेच. सोमवारी श्वास, बुधवारी मंत्र, शुक्रवारी फोनमधल्या अ‍ॅपवर कोणाचा तरी आवाज, असे केल्याने कोणतीच पद्धत कळत नाही. एक पद्धत धरून निदान दोन महिने काढावेत. रोज ध्यानातून उठल्यावर ‘आज छान लागले, आज नाही लागले’ असे गुण देऊ नयेत. पहिल्या काही आठवड्यांत विचार वाढल्यासारखे वाटतात. ते वाढलेले नसतात, आता दिसायला लागलेले असतात. फरक पडतो तो आधी बसण्याच्या बाहेर जाणवतो: राग आल्याचे बोलून झाल्यावर कळण्याऐवजी बोलण्याआधी कळते.

शेवटची गोष्ट सर्वांत गंभीर आहे आणि ती वर्तमानपत्रांत जवळजवळ येतच नाही. शांत बसल्यावर काही जणांची भीती वाढते. शरीर सैल पडू लागले की धडधड सुरू होते, किंवा दाबून ठेवलेले दुःख, जुना आघात अचानक वर येतो. शिथिलीकरणाने चिंता वाढू शकते हे मानसशास्त्रात १९८० च्या दशकापासून नोंदलेले आहे. अशा वेळी डोळे उघडावेत, तळपाय जमिनीवर दाबावेत, खोलीतल्या पाच वस्तूंची नावे मनात घ्यावीत आणि त्या दिवसापुरते उठावे. डोळ्यांतून पाणी येऊन मोकळे वाटले तर ठीक. पण भीती दिवसभर पुरत असेल, झोप उडत असेल, आजूबाजूचे जग किंवा स्वतः आपण खोटे आहोत असे वाटत राहत असेल, तर ध्यान थांबवून मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. ‘आणखी बसा, निघून जाईल’ असे सांगणारा शिक्षक धोक्याचा समजावा. ज्यांना आधी सायकोसिस (वास्तवाचे भान सुटण्याचा आजार), बायपोलर आजार किंवा मोठ्या आघाताचा त्रास झालेला आहे त्यांनी दिवसदिवसभराच्या मौन शिबिरांपासून सुरुवात करू नये. उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलून, ओळखीच्या जागी, पाच मिनिटांपासून करावी. चालू औषध स्वतःच्या मनाने बंद करणे तर कोणत्याही परिस्थितीत नको.

ध्यानावरचा लेख छापाल तेव्हा त्याच्या खाली एवढी सूचना चौकटीत द्यावी, ही विनंती. औषधाच्या माहितीपत्रकावर दुष्परिणाम लिहिलेले असतात आणि तेवढ्याने कोणी औषध घ्यायचे थांबत नाही.

आपले,
ध्यानवर्ग घेणारे काही शिक्षक